दोन्ही गाल सारखे

माझ्या सासऱ्यांनी पहिल्या भेटीत माझ्या हातात चहाचा कप दिला नाही, घण दिला. मुलगी पसंत असल्याचं मी कळवलं होतं, त्यावर निरोप आला तो घरी या असा नाही, वर्कशॉपवर या असा. ट्रकच्या चाकांवरचे कमानपाटे ते बनवायचे. पोलादाची पट्टी भट्टीत लाल करायची, ऐरणीवर ठोकून तिला बाक द्यायचा आणि तेलात बुडवायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. आसपासचे सगळे त्यांना घण म्हणायचे, तोंडावर घणदादा. त्यात त्यांना अपमान वाटत नसे, उलट छाती फुगायची.

मी काच कापणारा माणूस. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांची शोकेसं. माझ्या धंद्यात जोर लावला की नुकसान, त्यांच्या धंद्यात जोर लावला नाही तर नुकसान. या सोयरिकीवर माझे मित्र लग्नाआधीच पोट धरून हसले होते.

तर त्यांनी मला घण उचलायला लावला. त्या घराची ती रीतच होती. येणाऱ्या प्रत्येक जावयानं तापलेल्या पट्टीवर एक घाव घालायचा, मग आपला डावा हात ऐरणीवर पालथा ठेवायचा आणि तसंच उभं राहून आत्याची गोष्ट ऐकायची. माझा घाव पट्टीच्या कडेला बसला आणि ठिणगी माझ्याच पँटवर आली. मेव्हणे हसले. मी हात ठेवला. ऐरण कोमट होती.

"इथंच मोडली त्याची बोटं," सासरे म्हणाले आणि गोष्ट सुरू झाली.

ती गोष्ट मी पुढे इतक्या वेळा ऐकली की मधूनच कुठूनही म्हणून दाखवू शकेन. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. तिला एका टेलरमास्तरला दिली होती. माणूस हळू बोलणारा, सुईत दोरा ओवावा तसा शब्द काढणारा. लग्नाला वर्ष झालं नाही तोच ती माहेरी आली ती तोंड लाल होऊन. इथे सासरे नेहमी स्वतःच्या गालांवर दोन्ही पंजे ठेवायचे. "दोन्ही गाल सारखे सुजवले होते. नाकसुद्धा सोडलं नव्हतं. दंडावर काळेनिळे डाग. कपाळावरचे केस उपटलेले. आणि विचारलं तर म्हणते, त्यांनी हात लावला नाही, उन्हानं होतं. ऊन केस उपटतं होय रे?"

हा प्रश्न जावयाला असायचा. जावई म्हणायचा, नाही.

मग सासरे आणि त्यांचे दोन चुलतभाऊ टेलरमास्तरच्या दुकानात गेले, त्याला मशीनवरून उचलून वर्कशॉपवर आणलं आणि ऐरणीवर त्याच्या दोन्ही हातांची बोटं ठेचली. एक एक. बहीण माहेरीच ठेवून घेतली. पण ती वाचली नाही, काही महिन्यांत सुजून सुजून गेली. "आतून मारलं होतं त्यानं. ते नंतर बाहेर आलं. आणि त्यानं तक्रारसुद्धा केली नाही. करील कुठल्या तोंडानं?" असं म्हणून ते माझ्या ऐरणीवरच्या हातावर थाप मारायचे. मग चहा यायचा.

दुसरी एक रीत बायकांची होती. लेक माहेरी आली की तिला पाणी विचारायच्या आधी उजेडात उभी करायची, हनुवटी धरून दोन्ही गाल बघायचे, बाह्या वर सारून दंड बघायचे. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मी शेजारी उभा राहून ही तपासणी पाहिली. दुकानात माल उतरवून घेताना मी तावदानाला तडा आहे का ते असंच तिरकं धरून बघतो. मला राग आला आणि हसूही आलं. बायको म्हणाली, मनावर घेऊ नका, आमच्याकडे प्रेम असंच असतं.

तिचं काम सूत रंगवायच्या कारखान्यात होतं. रंगवलेल्या ओल्या लडी गच्चीवर नेऊन बांबूंवर टाकायच्या, उलटायच्या, वाळल्या की उतरवायच्या. दिवस सगळा उन्हात. लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा तिची बोटं सकाळी वळेनात. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. तोंड आलेलं असायचं, ताप येऊन जायचा. आम्ही गल्लीतल्या डॉक्टरकडून शक्तीच्या गोळ्या आणल्या. दंडावर निळे डाग दिसायला लागले तेव्हा ती म्हणाली, बांबू लागला असेल. आणि मग एका उन्हाळ्यात तिच्या गालांवर लाली आली. आली ती गेली, पुन्हा आली, आणि राहिली.

गल्ली बघत होती. मला ते उशिरा कळलं. शेजारचा रंगाचा दुकानदार माझ्याशी बोलेनासा झाला. समोरची बाई माझ्या बायकोला एकटीला गाठून विचारायची, काही हवं का गं. माझी बायको सांगायची की यांनी मला कधी बोटही लावलं नाही, आणि ती बाई मान हलवून म्हणायची, हो गं बाई, आपण असंच सांगायचं असतं. एखाद्या बाईनं नवऱ्यानं मारलं म्हटलं तर दहा जण विचारतील, तू काय केलं होतंस. मारलं नाही म्हटलं की मात्र लगेच खात्री पटते.

त्याच अवस्थेत ती माहेरी गेली, चार दिवस आराम करायला. तिला उजेडात उभी केली गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते तिघं माझ्या दुकानात आले. सासरे आणि दोन्ही मेव्हणे. मी एका मिठाईच्या शोकेसची मोठी काच टेबलावर आडवी टाकून रेघ मारत होतो. धाकट्यानं शटर अर्धं ओढलं. मला वाटलं, बायकोचं काही बरंवाईट झालं. मी विचारलं, काय झालं, ती कशी आहे? सासऱ्यांनी घण आणला नव्हता, घणाचा दांडा आणला होता. पहिला घाव माझ्या गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडलं की आवाज आतून येतो, कानाला लागत नाही. मी टेबलावर पडलो, काच माझ्याखाली फुटली आणि पाठीत शिरली. थोरल्यानं मला केसांना धरून उठवलं. मी ओरडत होतो की मी मारलं नाही, मी कधीच मारलं नाही. सासरे दम लागलेल्या आवाजात म्हणाले,

"तिनंच सांगितलंय."

त्यानंतर मी ओरडायचा थांबलो. मार लागत होता, पण लक्ष त्या दोन शब्दांकडे होतं. त्यांनी माझ्या बरगड्या मोडल्या, मग भिंतीला लावलेले आरसे मोडले, एकामागून एक, सावकाश, काम समजून. रंगाच्या दुकानदारानं रेडिओचा आवाज वाढवला होता. शटरखालून मला रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते. थांबलेले पाय. आत कुणी आलं नाही.

दवाखान्यात हाड बसवलं, पाठीतून काचा काढल्या. मी घरी उताणा पडू शकत नव्हतो आणि पालथाही. आईनं मला भरवलं. तिसऱ्या दिवशी तिनं चमचा ताटलीत ठेवला आणि हळूच विचारलं, "खरं सांग, कधी उचललास का हात?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला आईच्या त्या प्रश्नानं कळला. आणि मी आईला दोष तरी कसा देऊ? मी स्वतः बायकोवर दात धरून होतो. तिनंच सांगितलंय. का सांगितलं असेल? माहेरच्या धाकानं, की मनातून तिला मी नकोच होतो? हाड सांधत होतं आणि मी पडल्या पडल्या तिच्याशी भांडत होतो.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, थोडं तिच्याकडून, थोडं थोरल्या मेव्हण्याकडून. तिला त्यांनी घरातून बाहेर पडू दिलं नाही. फोन काढून घेतला. माराचे डाग जावेत म्हणून गालांना लेप, दंडांना शेक, आणि रोज सकाळी गच्चीवर सतरंजी टाकून तिला उन्हात बसवायचं, कारण उन्हानं साकळलेलं रक्त मोकळं होतं असं सासूबाईंचं म्हणणं. आत्यालाही त्यांनी असंच बसवलं होतं. ती म्हणायची, मला ऊन सोसत नाही, अंगाची आग होते. सासूबाई म्हणायच्या, बरं होताना आग होतेच.

पंधरवड्यात तिचे गाल पूर्वीपेक्षा लाल झाले. दंडांवर नवे डाग आले, मांड्यांवर आले. संध्याकाळी सासरे कामावरून आले, तिची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. आता कुणीही साधा माणूस इथं थांबून विचार करील. ज्या जावयाला आपण हाडं मोडून अंथरुणात टाकलाय, तो काही हवेतून येऊन हिला मारून गेला नाही. म्हणजे हे माराचे डाग नसतीलच. पण घणाला एकच काम येतं. सासऱ्यांनी हिशेब केला तो असा, की जावयानं मारलं नाही म्हणजे घरातल्याच कुणीतरी मारलं.

थोरल्या मेव्हण्याचं आणि तिचं सकाळीच वाजलं होतं. ती रडत होती की मला माझ्या घरी सोडा, आणि तो तिच्यावर खेकसला होता. शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. सासऱ्यांनी त्याला अंगणात ओढला. माझी बायको मध्ये पडली, ओरडून सांगत होती की दादानं मला हात लावला नाही, आणि ते ऐकून म्हातारा आणखी पेटला. हे वाक्य त्यांनी आयुष्यात तिसऱ्या पुरुषाबद्दल ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना ते कबुलीजबाबासारखंच वाटलं होतं. पट्टी धरायचा लांब चिमटा त्यांनी पोराच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दोन दात अंगणात पडले. माझे केस धरणारा तो हाच माणूस, तरी ते ऐकून मला बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

त्याच धांदलीत ती खाली बसली आणि तिला झटका आला. डोळे वर गेले, दात घट्ट मिटले, हातपाय ताठ. पाय तर कधीपासून सुजलेले होते, साडीखाली कुणी पाहिले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात सगळं घर गुंतलं होतं आणि चोर आत बसून मूत्रपिंडं खात होता.

धाकटा मेव्हणा मला सांगायला आला. शटर ओढणारा तोच. दारात उभा राहिला, म्हणाला, ताई मोठ्या हॉस्पिटलात आहे, वाचते की नाही माहीत नाही. मी गळ्यात हात बांधून तसाच निघालो. तिनं माझं नाव घेतलं असलं तरी मला तिला बघायचं होतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासरे बसले होते. मला बघताच उठले. धड हात पुढे धरून मी म्हणालो की अजून एक शिल्लक आहे, घ्या. त्यांनी खरंच माझी कॉलर धरली. रखवालदार आणि एक वॉर्डबॉय दोघांनी मिळून त्यांना मागं खेचलं, त्यात औषधांची एक ट्रॉली उलटली. त्या आवाजानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अंगानं किरकोळ, डोळ्यांखाली काळं, झोप न झालेली. त्यांनी आम्हां दोघांना आपल्या खोलीत नेलं आणि मध्ये रखवालदाराला उभं केलं.

सासरे म्हणाले, "यानं मारलंय तिला. आधी पोलीस बोलवा."

"मलाही आधी तेच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे तशा मुली रोज येतात. म्हणून मी नीट बघितलं. माणूस मारतो तो एका हातानं. एक गाल जास्त लाल होतो, बोटं उठतात. हिचे दोन्ही गाल सारखे आहेत, नाकावरूनही तोच पट्टा गेलाय आणि नाकाच्या बाजूच्या घड्या तेवढ्या कोऱ्या आहेत. असं कुणालाही मारता येत नाही."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज असते ती बिथरते आणि घरच्याच माणसांना शत्रू समजून झोडपते. कातडीला, सांध्यांना, रक्ताला, मूत्रपिंडांना. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की जरा धक्का लागला तरी निळे डाग पडतात. केस गळतात. गर्भ राहत नाही. उन्हानं सगळंच भडकतं. बाईंना वाटलं मला समजायला अवघड जाईल, म्हणून त्या हळू बोलत होत्या. पण मी त्या घरचा जावई होतो. राखणदारानंच घर झोडपणं म्हणजे काय, ते मला हाडापर्यंत समजलेलं होतं.

सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. कॅलेंडरवर ठेवलेली टेबलाची काच तडकली. ते म्हणाले, माझ्या घराण्यात असलं काही नाही. बाईंनी तडकलेल्या काचेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, तेच विचारायचंय. हा आजार एका कुठल्या जनुकानं होत नाही. आईबापांकडून अशी कितीतरी बारीक बारीक जनुकं येतात, एकेकटं कुणी काही करत नाही, पण एकाच माणसात बरीच जमली की जोखीम वाढते. तरी पुष्कळांना काहीच होत नाही. वरून ऊन, एखादा ताप, एखादं बाळंतपण, असं काहीतरी निमित्त लागतं. बायकांना पुरुषांपेक्षा खूपच जास्त होतो. म्हणून घरातल्या बायकांबद्दल सांगा. कुणाचे सांधे वाकडे झाले होते का, कुणाचे गर्भ पडले होते का, कुणी तरुणपणी सुजून गेलं का?

सासऱ्यांची आई वाकड्या बोटांनीच गेली होती. ते काम करून करून झालं असं घरात म्हणायचे. सासरे म्हणाले, आईचं ते काही नाही. आणि तरुणपणी म्हणाल तर माझी बहीण गेली, पण ती आजारानं गेली नाही, तिला तिच्या नवऱ्यानं मारली.

"कशानं कळलं?" बाईंनी विचारलं.

आणि सासऱ्यांनी गोष्ट सुरू केली. सवयीनं. आवाजही तोच, ऐरणीपाशी असतो तो. लग्नाला वर्ष झालं नाही तोच ती आली ती तोंड लाल होऊन. त्यांनी आपले दोन्ही पंजे स्वतःच्या गालांवर ठेवले.

"दोन्ही गाल सारखे सुजवले होते," ते म्हणाले. "नाकसुद्धा..."

तिथं ते थांबले. पंजे गालांवर तसेच राहिले. खरं सांगतो, मला त्या क्षणी फार बोलावंसं वाटत होतं. रखवालदार एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याला वाटलं म्हाताऱ्याची दाढ दुखतेय.

पंजे खाली घेऊन सासऱ्यांनी विचारलं की उन्हात बसवलं तर काय होतं. बाईंनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे माझ्याकडून गेलं का पोरीत? बाई म्हणाल्या, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, पण बहिणीचं ऐकून वाटतं की तुमच्या बाजूनं आलं असावं. पुरुष स्वतः ठणठणीत राहतो आणि पुढं देतो, असं होतं. त्यात कुणाचा गुन्हा नसतो.

"ह्यात नसेल," सासरे म्हणाले आणि बाहेर गेले.

मी वॉर्डात गेलो. तिच्या नाकात नळी होती, चेहरा सुजलेला. मी वाकून विचारणारच होतो की का सांगितलंस. पण तिनंच माझ्या गळ्यातल्या पट्टीकडे बघितलं. म्हणाली, "मी रोज सांगत होते हो त्यांना. तुम्ही काही केलं नाही म्हणून. रोज." मी तिथं लाजेनं मेलो. तिनं काहीही सांगितलेलं नव्हतं. ती माझ्या बाजूनं एकटी लढत होती आणि मी घरी अंथरुणात पडून तिला शिव्या देत होतो.

ती वाचली. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, शिरेतून औषधं दिली, मलेरियावर देतात ती गोळी कायमची सुरू झाली. औषधानं तिचं तोंड फुगून गोल झालं, आणि आता तिला कुणीही मारत नसताना ती खरी मार खाल्ल्यासारखी दिसायची. आरशात बघून ती स्वतःच हसली. कारखान्यात तिनं गच्ची सोडून सावलीतलं काम घेतलं. थोरल्या मेव्हण्याला एक मुलगी आहे, त्यानं दात नसलेल्या तोंडानं बाईंना विचारलं की हिलाही होईल का. बाई म्हणाल्या, बहुधा नाही होणार, पण ताप, सांधे, गाल यांवर लक्ष ठेवा आणि डाग दिसला तर हात नका उचलू, इकडे या. त्या घराला असं सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

मूत्रपिंडं सावरायला लागली असं ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी सासरे माझ्या दुकानात आले. मी नवे आरसे बसवत होतो, एका हातानं जमेल तसे. त्यांना दारात बघून मी टेबलामागं सरकलो, खोटं का बोलू. रंगाच्या दुकानदारानं रेडिओकडे हात नेला. सासऱ्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून घणाचा दांडा वर आला होता.

"चल," ते म्हणाले. "टेलरमास्तरकडे जायचंय. मला एकट्याला जमायचं नाही."

मी गेलो. माफ केलं होतं म्हणून नाही. त्यांना कुणीतरी मारताना मला बघायचं होतं, म्हणून गेलो.

टेलरमास्तर गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जिन्याखालच्या खोपट्यात इस्त्री करायचा. म्हातारा झाला होता. त्याची दहाही बोटं दहा दिशांना गेलेली होती. इस्त्रीची मूठ त्याला धरता येत नव्हती, तळहाताच्या बुडानं तो ती ढकलायचा आणि मनगटानं मागं ओढायचा. तरी सदऱ्याची कॉलर अशी बसवत होता की कुणाच्याही नजरेत भरावी. त्यानं वर बघितलं, सासऱ्यांना ओळखलं, आणि दोन्ही हात छातीशी लपवले.

सासरे त्या टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुलीचं, आजाराचं, गालांचं, उन्हाचं. बहिणीला आपणच गच्चीवर बसवली तेही सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना फक्त ती एक गोष्ट सांगताना ऐकलं होतं. मग त्यांनी पिशवीतून घण काढला, टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला उजवा हात पालथा ठेवला.

"मोड," ते म्हणाले.

मला मनातून वाटत होतं, मोड. माझ्या बरगड्या अजून दुखत होत्या. टेलरमास्तरनं घणाकडे बघितलं. त्याच्या दांड्याला हात लावून बघितला. बोटं दांड्याभोवती वळलीच नाहीत. त्यानं दोन्ही मनगटांत धरून उचलायचा प्रयत्न केला, घण घसरला आणि फरशीवर आदळला, फरशी फुटली. तो ते फुटलेलं बघत राहिला.

"तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "मशीनवरचा सदरा संपवून तिला न्यायला निघणार होतो. तुम्ही आलात." त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "बोटांचं काही नाही. पण तिनं का सांगितलं तसं? इतकी वर्षं मी तेच विचारतोय. तू म्हणाला होतास, तिनंच सांगितलंय. मला कधी कधी वाटायचं, मारलंही असेल मी, मलाच आठवत नसेल. ती कशाला खोटं बोलेल?"

तो तक्रार करायला का गेला नाही ते मला तेव्हा कळलं. ते दोन शब्द मलाही ओळखीचे होते. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी टेबलावरचा हात काढला नव्हता.

"तिनं नाही सांगितलं," ते म्हणाले. "मीच म्हणालो तसं. ती शेवटपर्यंत म्हणत होती, त्यांनी हात लावला नाही. मरायच्या दिवशीही म्हणाली."

टेलरमास्तरनं इस्त्री उभी करून ठेवली, सदरा जळू नये म्हणून. मग तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं सासऱ्यांच्या तोंडात मारली. उजव्या हातानं, होता नव्हता तेवढा जोर काढून. त्याचं डोकं सासऱ्यांच्या छातीपर्यंतच येत होतं, त्याला टाचा उचलाव्या लागल्या. मारल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि बायकोचं नाव घेऊन रडायला लागला.

सासरे हलले नाहीत. त्यांच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती, चारही वाकडी. उजवा गाल होता तसाच होता.